आठ टक्क्यांचा उमेदवार

१२ जानेवारी १९८९. झातोन्स्क.

आजपासून रोज लिहायचं. मागच्या वर्षीही ठरवलं होतं, पण मागचं वर्ष वाईट होतं.

तिमाही रिपोर्ट गेला. पक्षाच्या प्रांत समितीवर जनतेचा विश्वास सत्त्याण्णव टक्के. मागच्या खेपेला शहाण्णव होता. वाढ एकेकानेच व्हावी. शंभरला पोचलो तर जनमत विभागाला काम काय उरणार?

आमची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. प्रश्नपत्रिका कारखान्यात फोरमनकडे जाते. तो कामगारांना ओळीत उभं करून प्रश्न मोठ्याने वाचतो. ज्याला पटत नसेल त्याने हात वर करायचा. कुणी करत नाही.

इतकी वर्षं या जनतेचा अभ्यास करतोय. तिला भूक असते, सर्दी असते, रांगेतला नंबर असतो. मत नसतं. मत आम्ही पुरवतो.

संकल्प : सिगारेट बंद. पहाटे व्यायाम. सासूशी वाद नाही.

१३ जानेवारी

सासूशी वाद. अग्लाया तिखोनोवना स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर झोपते, त्यामुळे तिथे हात पसरायला जागा नाही. व्यायाम पुढे ढकलला. साबणाच्या टंचाईवर बोलायचं असलं की ती आधी फोनवर उशी ठेवते. म्हटलं, आता कुणी ऐकत नसतं हो, तो काळ गेला. म्हणाली, मग तुम्ही लोक त्या ऑफिसात दिवसभर करता काय रे?

अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

१७ जानेवारी

प्रांत समितीच्या पहिल्या सचिवांनी बोलावलं. अनिसिम फोमिच ग्रुझ्देव. आमच्या प्रांताचा राजा, प्रधान आणि हवामान.

मार्चमध्ये संसदेची निवडणूक. मॉस्कोला आता एकटा उमेदवार बरा दिसत नाही. समोर कुणीतरी हवं. ग्रुझ्देव म्हणाले, शुबिन, मी सगळ्या समितीवर नजर फिरवली, तुझ्यासारखा दुसरा माणूस नाही. मी नम्रपणे विचारलं, कोणत्या अर्थी? म्हणाले, तुला कोणी ओळखत नाही, तुझा कोणी द्वेष करत नाही, आणि तू बोलायला लागलास की झोप येते.

संयम, निष्कलंक चारित्र्य, विचारांची शांत मांडणी. वरच्या माणसाला खालच्याची पारख असते ती अशी.

मी हरायचं. आठ टक्के घ्यायचे. त्याहून कमी घेतले तर थट्टा दिसते, जास्त घेतले तर उद्धटपणा. बदल्यात व्होल्गाच्या काठावरच्या नव्या इमारतीत तीन खोल्यांचा फ्लॅट. किल्ल्या त्यांच्या खणात आहेत. खण हलवून त्यांनी आवाज ऐकवला.

१८ जानेवारी

घरी सांगितलं. रिम्मा खुर्चीवर बसली आणि म्हणाली, तीन? पुन्हा म्हणाली, तीन? बायकांना आकडे उशिरा कळतात.

सासूला सांगितलं, तुमची स्वतंत्र खोली, खिडकीतून नदी. तिने विचारलं, खोलीला दार असेल का? म्हटलं, असेलच की. मग म्हणाली, हरल्याबद्दल फ्लॅट मिळतो होय? आमचे हे जन्मभर हरत आले, त्यांना तर राजवाडा मिळायला हवा होता.

३ फेब्रुवारी

पोस्टर लागलं. ग्रुझ्देव वर, मी खाली, फोटो निम्म्या आकाराचा. वाण्याच्या दुकानाजवळच्या पोस्टरवर माझ्या चेहऱ्याला कुणीतरी मिशा काढल्या. ग्रुझ्देवना काहीच काढलेलं नाही.

जनता माझी दखल घेते आहे.

सिगारेट अजून बंद नाही. निवडणुकीच्या काळात शरीराला धक्के देऊ नयेत.

११ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठा. स्वतःला शांत करून लिहितो.

ट्रॅक्टर कारखान्यात मतदारांची सभा. आधी ग्रुझ्देव बोलले. ओतीव लोखंडाच्या उत्पादनावर. लोक कोट घालून बसल्या बसल्या झोपले. मग मी. ठरल्याप्रमाणे कंटाळवाणं भाषण कागदावर होतं. दुसऱ्या पानावर मागून एक बाई ओरडली, ते राहू दे, साबण कुठाय ते सांग!

मी गोंधळलो. कागदावर साबण नव्हता. तोंडातून निघालं, मला काय माहीत बाई, आमच्या घरातसुद्धा नाही, डिसेंबरपासून बायको सोड्याने कपडे धुते.

आधी हशा. मग टाळ्या, बाकं वाजवून. ग्रुझ्देव जागे झाले.

मला वाटतं माझ्यात एक वक्ता विभागातली अठरा वर्षं कोंडून पडला होता.

१२ फेब्रुवारी

रिम्मा म्हणाली, केशा, घरात साबण नाही हे गावभर सांगायची काय गरज होती? आता सगळ्यांना वाटेल मी कळकट आहे. तिला म्हटलं, इतिहास घडताना थोडं सोसावं लागतं. म्हणाली, सोसते आहेच की, सोड्याने हात सोलून निघालेत.

१६ फेब्रुवारी

बटाट्याच्या रांगेत मला ओळखलं. एक जण म्हणाला, अरे हा बघा साबणवाला! सगळे वळले. मी टोपी काढली. एक म्हातारी म्हणाली, या या उमेदवारसाहेब, इकडे पुढे या. मी पुढे गेलो. ती म्हणाली, आता बघून घ्या रांग कुठून सुरू होते, आणि जा तिकडे शेवटी उभे राहा. सगळी रांग हसली. मीही हसलो. शेवटी जाऊन उभा राहिलो.

लोकांशी माझी नाळ जुळली आहे. ग्रुझ्देव कधी रांगेत उभे राहिले आहेत?

(बटाटे संपले.)

२३ फेब्रुवारी

गेले काही दिवस एक विचार येतो. आधी झटकला. पण अभ्यासकाने पुराव्याकडे पाठ फिरवू नये.

स्वतःबद्दल एक छोटी पाहणी करून घेतली. नेहमीच्या पद्धतीने, फोरमनमार्फत. निकाल : मतदारांपैकी एकसष्ट टक्के मला पसंत करतात.

आठ नव्हे. एकसष्ट!

त्याच पाहणीत ग्रुझ्देवना चौऱ्याण्णव टक्के. बेरीज एकशे पंचावन्न होते. पूर्वी याला चूक म्हणाले असते. मी म्हणतो, जनतेचा राजकीय उत्साह वाढल्याची ही खूण आहे.

१ मार्च

निर्णय झाला. जिंकायचं.

हे कोणालाही सांगायचं नाही. कार्यक्रम चौदा कलमी. पहिलं साबण. बाकी तेरा सुचतील तशी. परराष्ट्र धोरणावर एक हवं. फ्रेंच शिकायला सुरुवात करावी.

मॉस्कोत संसदेत बसल्यावर झातोन्स्कमधला तीन खोल्यांचा फ्लॅट लागतो कशाला? पण रिम्माला एवढ्यात सांगू नये. तिने पडद्याचं कापड आणलंय. निळं, पांढऱ्या फुलांचं. त्यासाठी ती दोन दुपारी रांगेत होती.

८ मार्च

महिला दिन. रिम्माला मिमोझाच्या पिवळ्या फुलांची डहाळी दिली, सासूला चॉकलेटचा एक बार. सासूने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हाही निवडणुकीतला का?

जेवताना सगळं बोलून गेलो. वाईनमुळे नव्हे. बोलायची वेळ आली होती. म्हटलं, मी जिंकणार आहे.

रिम्माने काटा खाली ठेवला. म्हणाली, केशा, तुला हरायला सांगितलंय. आयुष्यात पहिल्यांदा तुला जमेल असं काम मिळालंय. मी म्हटलं, लोक माझ्या मागे आहेत. म्हणाली, लोक तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत, आणि तू वरून हात हलवतोयस. तिसऱ्या मजल्यावरची झोया मला विचारते, तुमचे साबणवाले कसे आहेत? आणि तोंड दाबून हसते.

मी विचारलं, मग झोया मत कुणाला देणार? म्हणाली, विचारलं नाही, आणि विचारलं तरी ती मला खरं कशाला सांगेल? मी जनमत विभागाच्या साहेबाची बायको.

भावनाप्रधान उत्तर. पडदे तयार आहेत, तीन खिडक्यांचे. तिने ते इस्त्री करून कपाटात ठेवले, माझ्या शर्टांच्या जागी. शर्ट खुर्चीवर.

१३ मार्च

ग्रुझ्देवनी बोलावलं. म्हणाले, साबण बंद कर. मी म्हटलं, लोक विचारतात. म्हणाले, लोक विचारतात म्हणून उत्तर द्यायचं असतं हे तुला कोणत्या संस्थेत शिकवलं? मग खण हलवला. किल्ल्या वाजल्या.

आठ, ते म्हणाले. आठ, मी म्हणालो.

मनात वेगळा आकडा होता. जिना उतरताना कठडा धरावा लागला. व्यायाम न केल्याचा परिणाम. सोमवारपासून नक्की.

१६ मार्च

आमच्या जिन्यात भिंतीवर कोळशाने लिहिलंय : दोघांनाही खोडा.

हसू आलं. आपल्याकडे ज्याला नको म्हणायचं त्याच्या नावावर काट मारायची, ज्याला हवा म्हणायचं त्याचं नाव तसंच ठेवायचं. सोपं आहे. पण या जनतेला सवयच नाही. तिच्या उभ्या आयुष्यात कागदावर नाव एकच असायचं. कागद घ्यायचा, घडी घालून पेटीत टाकायचा, केंद्रातच मांडलेल्या बुफेत जाऊन एरवी न मिळणारी संत्री घ्यायची. आडोशाच्या खोलीत पेन्सिल घेऊन जाणाऱ्याकडे सगळे बघायचे. अशी माणसं दोन नावं खोडणार? त्यांना एक खोडता आलं तरी पुष्कळ.

लोकांना शिकवलं पाहिजे. गाढवापुढे गीता वाचावी लागली तरी मी वाचणार. स्थानिक वर्तमानपत्रासाठी लेख लिहायला बसलो. मथळा : मत कसं द्यावं.

२१ मार्च

लेख छापून आला, माझ्या नावाने. उत्तम जमलाय. एक वाक्य उतरवून ठेवतो : "कोरी मतपत्रिका पेटीत टाकणारा नागरिक मतदान करत नाही, तो केवळ कागद वाया घालवतो." कापितोलिना सेर्गेयेव्हना, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मतदान केंद्राच्या प्रमुख, यांनी फोन करून सांगितलं, कात्रण भिंतीवर लावते.

सासूला मोठ्याने वाचून दाखवला. ती कोबी चिरत होती. शेवटी विचारलं, समजलं का? म्हणाली, पेन्सिल ते देतात की घरून न्यायची?

हे आपले मतदार.

२५ मार्च

उद्या.

घरातल्यांना एकेकटं विचारलं, मत कुणाला? रिम्मा म्हणाली, तुलाच रे, अजून कुणाला. सासू म्हणाली, तूच की आमचा. झोया जिन्यात भेटली, माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, इनोकेंती पेत्रोविच, हा काय प्रश्न झाला! माझ्या पाहणीला घरच्या घरी दुजोरा मिळाला.

आभाराचं भाषण लिहिलं. त्यात ग्रुझ्देवांचा उल्लेख उदारपणे केला आहे.

२६ मार्च. दुपार.

सकाळीच शाळेत गेलो. दारात बँड. बुफेत संत्री आणि सॉसेजचे सँडविच, तिथली रांग मतदानाच्या रांगेहून लांब. कापितोलिना सेर्गेयेव्हनांनी मतपत्रिका दिली. वर ग्रुझ्देव, खाली मी. छापील अक्षरात स्वतःचं नाव बघून ऊर भरून आला. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हणाला, जरा इकडे बघा. मी घडी घातली, पेटीपाशी गेलो, एक पाय पुढे, हसरा चेहरा, आणि कागद आत टाकला. लोक बघत होते. उमेदवाराने कसं असावं ते त्यांना दिसलं.

आडोशाच्या खोल्यांसमोर मात्र गर्दी. आत जातो तो बाहेरच येत नाही. दोन तर नावं! जसं काही बीजगणित सोडवतायत. बाहेर येताना कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ज्याला मत दिलं त्याच्यासमोर साधा माणूस लाजतो.

सासूही आली होती. आत गेली, बाहेर आली, कापितोलिना सेर्गेयेव्हनांना काहीतरी विचारत उभी राहिली. मग संत्री घेऊन घरी.

२७ मार्च

तांत्रिकदृष्ट्या मी हरलेलो नाही.

ग्रुझ्देव एकतीस टक्के. मी चार. बाकीच्यांनी दोघांनाही खोडलं. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नाहीत, त्यामुळे निवडणूक रद्द, मेमध्ये नव्याने. म्हणजे ग्रुझ्देव माझ्यापुढे जिंकू शकले नाहीत. इतिहासात अशीच नोंद होईल.

प्रांताचा राजा पडला. पाडलं कोणी? बंदूक नाही, मोर्चा नाही. बटाट्याच्या रांगेतल्या लोकांनी, शाळेच्या वर्गात, पेन्सिलीने. मेंढरं! मेंढरांना पेन्सिल कोणी दिली?

माझा मागचा रिपोर्ट सत्त्याण्णवचा होता. शोधून ठेवला पाहिजे. किंवा शोधू नये.

२८ मार्च

किल्ल्यांबद्दल विचारायला गेलो. ग्रुझ्देवांच्या सेक्रेटरीने सांगितलं, ते हृदयाच्या विश्रांतीसाठी दक्षिणेला गेले आहेत. आणि फ्लॅट? ती म्हणाली, कुठला फ्लॅट? तुम्हाला आठ सांगितले होते ना, तुम्ही चारच घेतले.

घरी आलो. रिम्माने ताट वाढलं आणि कपडे सोड्यात भिजवायला गेली. हे विचारण्याहून वाईट.

३० मार्च

केंद्रवार आकडे मिळवले. ट्रॅक्टर कारखान्याच्या वस्तीत मला सर्वांत जास्त मतं. साबण. आमच्या स्वतःच्या केंद्रावर एक.

एक. म्हणजे माझं. म्हणजे रिम्माने, सासूने, झोयाने, सगळ्या जिन्याने मला खोडलं.

कापितोलिना सेर्गेयेव्हनांना गाठून फेरमोजणी मागितली. म्हटलं, निदान दोन असायला हवीत. एक माझं, एक बायकोचं. त्यांनी मोजणीची वही उघडली. मग म्हणाल्या, इनोकेंती पेत्रोविच, तुमचं तर बाद झालं, दोन्ही नावं तशीच होती. तुम्ही आडोशात गेलातच कुठे? कोरा कागद घडी घालून सगळ्यांसमोर पेटीत टाकलात. आम्हाला वाटलं, काही तत्त्व असेल. तुमचा लेख पेटीच्या वरच लावला होता.

मी म्हणालो, सवय. त्या म्हणाल्या, हो, कोऱ्या बऱ्याच निघाल्या. तुमच्या वयाच्यांच्या.

फोटो वर्तमानपत्रात आला आहे. चांगला आलाय.

३१ मार्च

रिम्माला विचारलं, मला का खोडलंस? म्हणाली, जिंकला असतास तर मॉस्कोला गेला असतास आणि तिथे पुन्हा बोलला असतास. मी म्हटलं, मग ग्रुझ्देवला द्यायचं होतंस, फ्लॅट तरी मिळाला असता. ती चिडली. म्हणाली, त्याला? त्याच्या बायकोला साबण घरपोच येतो. पेन्सिल हातात आल्यावर मी काय पडद्यांचा विचार करत बसू? एकदाच तर कोणी विचारलं.

पहिल्यांदाच ती तावातावाने बोलत होती. मला वाटतं असंच बोलत राहिली असती तर बरं झालं असतं. पण मग तिने कपाटातून पडदे काढले आणि शिवणयंत्र लावलं. तिन्ही पडदे उसवून एक लांब केला. स्वयंपाकघरात दोरी बांधून सासूच्या खाटेभोवती आडोसा केला. सासूला हवं होतं दार. हे दार नव्हे, पण आतलं दिसत नाही.

शर्ट परत कपाटात.

२ एप्रिल

व्यायाम नाही. सिगारेट चालू. फ्रेंचचं पुस्तक झोयाला दिलं.

एकच प्रश्न राहिला होता. ते एक मत कोणाचं? सगळं केंद्र मनात घोळवलं. कुठेतरी एक माणूस आहे ज्याने मला ऐकलं, समजून घेतलं, आणि आडोशात जाऊन शांतपणे माझं नाव तसंच राहू दिलं. मेमध्ये त्या एका माणसासाठी पुन्हा उभं राहायचं, असं ठरवलं. मोठ्या गोष्टी एकापासूनच सुरू होतात.

चहा करायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा हे मोठ्याने बोललो बहुतेक. पडद्याआडून सासूचा हात बाहेर आला. तिने टेबलावरच्या फोनवर उशी ठेवली. मग म्हणाली, ते मत माझं आहे रे.

आई, एवढंच म्हणालो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाली, थांब, आधी ऐक तर. चष्मा घरी राहिला होता. मला वरचं एक नाव दिसलं, ते खोडलं. खाली दुसरं असतं हे मला काय ठाऊक? एका कागदावर दोन नावं जन्मात पाहिली नाहीत. म्हटलं, जावईबापूंचा कागद वेगळा असेल, तो देतील तेव्हा तोही खोडू. बाहेर येऊन त्या बाईला विचारलंसुद्धा, दुसरा कागद कुठाय? ती म्हणाली, एवढाच आजी. मला वाटलं, तुझं नाव काढून टाकलं.

मी पडद्यावरची पांढरी फुलं बघत राहिलो. इस्त्री अजून मोडली नव्हती. चहा उतू गेला.

थोड्या वेळाने आतून विचारलं, मेमध्ये परत उभा राहतोयस का?

म्हटलं, अजून नक्की नाही.

म्हणाली, राहायचं असेल तर आधी सांग. चष्म्याची काडी तुटलीये, नीट करून ठेवते.